दुधासारखं इन्सुलिन आणि पाण्यासारखं इन्सुलिन

गेल्या आठवड्यात एक जोडपं दवाखान्यात आलं होतं. दोघंही साठीच्या पुढचे, दोघांनाही मधुमेह, दोघंही इन्सुलिनवर. काकांनी पिशवीतून बाटल्या काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाले, "डॉक्टर, माझं इन्सुलिन दुधासारखं दिसतं आणि हिचं पाण्यासारखं. माझं खराब झालंय की हिच्यात पाणी घातलंय?"

काकूंची तक्रार वेगळी होती. त्यांना रात्री जेवणाआधी एक आणि झोपताना एक अशी दोन इंजेक्शनं घ्यावी लागतात. दोन्ही औषधं पाण्यासारखी स्वच्छ. एक टोचणं वाचावं म्हणून त्यांनी दोन्ही एकाच सिरिंजमध्ये ओढली, तर आतलं औषध बघता बघता पांढरं झालं. "अगदी दूध नासावं तसं झालं हो. मी फेकून दिलं. बरोबर केलं ना?"

बरोबरच केलं. आणि उपमाही त्यांनी नेमकी दिली. दूध नासतं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने त्यांच्या सिरिंजमधलं औषध पांढरं झालं. काकांचं औषध मुळात दुधासारखं का दिसतं, याचं उत्तरही तिथेच आहे. त्या दिवशी बाहेर पेशंट ताटकळत होते म्हणून मी थोडक्यात सांगितलं. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण ही गोष्ट जवळजवळ ऐंशी वर्षांची आहे.

आधी स्वयंपाकघरात जाऊ. पनीर करताना गरम दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं. लिंबाचं आम्ल दुधातल्या प्रथिनाला 'जाळतं' असं अनेकांना वाटतं, पण तसं काही होत नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. नावात आम्ल असलं तरी बहुतेक मणी स्वभावाने तटस्थ असतात. काही मणी मात्र खरोखर आम्लधर्मी असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार येतो. काही अल्कधर्मी असतात, त्यांच्यावर धनभार येतो. दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनावर एकूण बेरीज ऋण असते. सगळ्या कणांवर सारखाच भार, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत दुधात तरंगत राहतात. आम्ल घातलं की आम्लातले हायड्रोजनचे धनभारित कण त्या ऋणभाराला जाऊन मिळतात. ४.६ या पीएचला केसीनच्या भाराची बेरीज शून्य होते. आता ढकलायला कोणी उरलं नाही. कण एकमेकांना चिकटतात आणि चोथा खाली बसतो.

प्रत्येक प्रथिनाचा असा एक शून्याचा पीएच ठरलेला असतो. त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे ते विरघळलेलं राहतं, आणि नेमकं त्या आकड्यावर आलं की साका धरतं. (पीएचची ही मोजपट्टी सोरेन सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये मांडली. तो कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करत होता आणि ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची! औषधशास्त्राने कोणाकोणाचे उपकार घेतलेत ते पाहिलं की गंमत वाटते.)

आता टोरोंटो, ११ जानेवारी १९२२. लिओनार्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा इस्पितळात मरणाच्या दारात पडलेला. वजन जेमतेम तीस किलो. मधुमेहाला तेव्हा उपासमारीशिवाय उपचार नव्हता. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जनावराच्या स्वादुपिंडापासून काढलेला अर्क त्याला टोचण्यात आला. साखर थोडी उतरली, पण टोचल्या जागी गळू झालं आणि उपचार थांबवावा लागला. अर्कात इन्सुलिन होतं, पण त्याबरोबर इतर प्रथिनांचा गाळही होता.

पुढचे बारा दिवस जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने रात्रंदिवस अर्क शुद्ध करण्यात घालवले. त्याची युक्ती अल्कोहोलची होती. अल्कोहोलचं प्रमाण थोडं थोडं वाढवत न्यायचं. आधी नको असलेली प्रथिनं खाली बसतात, इन्सुलिन द्रावणात राहतं, आणि नव्वद टक्क्यांच्या वर गेलं की तेही खाली बसतं. २३ जानेवारीला हा नवा अर्क लिओनार्डला दिला आणि मुलगा उठून बसला. तो पुढे तेरा वर्षं जगला.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेक लेख इथेच संपतात. त्यानंतर काय झालं हे फारसं कोणी सांगत नाही. मोठ्या प्रमाणावर अर्क करायला घेतला तेव्हा तो जमेना. खुद्द कॉलिपलाच आपली कृती पुन्हा साधेना. त्या वसंत ऋतूत टोरोंटोत इन्सुलिनचा शोध लागलेला होता आणि इन्सुलिन मात्र मिळत नव्हतं. बाहेर मुलं वाट पाहत होती. इंडियानापोलिसच्या एलाय लिली कंपनीशी करार झाला, तिथे टनावारी स्वादुपिंडं आली, अर्क निघू लागला, पण तो टिकेना. बाटलीत भरलेल्या औषधाचा जोर उतरून जायचा. ज्या डोसवर काल साखर उतरली तोच डोस काही आठवड्यांनी पुरेसा पडायचा नाही. डॉक्टरला डोस ठरवता येत नसेल तर औषध असूनही नसल्यासारखंच.

लिलीमधला रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्डन याच्या लक्षात आलं की या सगळ्याचा संबंध पीएचशी आहे. विशिष्ट आम्लतेला बाटलीत साका धरतो आणि औषधाचा जोर त्या साक्यात असतो. वर राहिलेलं पाणी निर्बळ. म्हणजे जो दोष वाटत होता तोच शुद्धीकरणाचा मार्ग होता. १९२२ च्या अखेरीस त्याने अर्काचा पीएच मुद्दाम त्या आकड्यावर आणायला सुरुवात केली. इन्सुलिन साका धरून खाली बसलं, इतर बऱ्याच गोष्टी वर विरघळलेल्या राहिल्या. वरचं ओतून टाकायचं, साका घ्यायचा, पुन्हा आम्लात विरघळवायचा. आपण पनीर गाळतो त्याहून हे तत्त्व वेगळं नाही. औषध कैक पटींनी शुद्ध झालं आणि टिकू लागलं. त्याच सुमारास सेंट लुईसमध्ये शेफर, डॉयझी आणि सोमोजी हेही स्वतंत्रपणे याच पद्धतीपर्यंत पोचले होते. नोबेल १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळालं. वॉल्डनचं नाव आमच्या एमडीच्या पुस्तकांतही मी वाचल्याचं आठवत नाही. माझ्या मते इन्सुलिन घरोघरी पोचलं त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

हा शून्याचा आकडा नेमका का, ते त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यासाठी इन्सुलिनचे मणी मोजावे लागणार होते. ते काम केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगरने १९५५ पर्यंत पुरं केलं. एक माळ २१ मण्यांची, दुसरी ३० मण्यांची, एकूण ५१. कुठल्याही प्रथिनाची मण्यांची ओळ पूर्णपणे वाचली जाण्याची ती पहिली वेळ, आणि त्यासाठी १९५८ चं नोबेल.

ती ओळ वाचली की हिशेब अगदी दुकानदाराच्या वहीसारखा मांडता येतो. आम्लधर्मी बाजूला ग्लुटामिक आम्लाचे चार मणी आणि दोन माळांची दोन शेपटं, एकूण सहा. अल्कधर्मी बाजूला एक आर्जिनिन, एक लायसिन, दोन हिस्टिडिन आणि दोन माळांची दोन तोंडं, एकूण सहा. सहास सहा. पण सगळे एकाच वेळी भार घेत नाहीत. रक्ताच्या ७.४ पीएचला हिस्टिडिन आपला भार जवळपास सोडून देतं, आम्लाची बाजू जड होते, इन्सुलिनवर एकूण ऋणभार राहतो आणि ते विरघळतं. पीएच ३ वर, म्हणजे चांगल्या आंबट पाण्यात, आम्लधर्मी मण्यांचे भार मिटतात, अल्कधर्मी बाजू जड होते, तरीही ते विरघळतं. मध्ये ५.४ च्या आसपास दोन्ही बाजू बरोबरीत येतात. तिथे साका.

म्हणूनच सुरुवातीची कित्येक वर्षं इंजेक्शनचं इन्सुलिन आम्लात, साधारण पीएच ३ ला ठेवलेलं असे. इथे एक गैरसमज दूर करून घेतो. "इन्सुलिनची गोळी का नाही? पोटातलं आम्ल त्याला मारतं म्हणून ना?" असं मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. नुसत्या आम्लाला इन्सुलिन एवढं घाबरत नाही, ते तर वर्षानुवर्षं आम्लातच विकलं जात होतं. पोटातलं पेप्सिन आणि पुढे आतड्यातलं ट्रिप्सिन ही विकरं माळेचे तुकडे करतात, तो खरा अडथळा. शिवाय तुकडे न होता राहिलेला रेणू आतड्याच्या भिंतीतून सहज आत शिरत नाही.

आता डेन्मार्कला जाऊ, कारण काकांची दुधाळ बाटली तिथून आली. ऑगस्ट क्रोग हे शरीरक्रियाशास्त्रातले मोठं नाव, १९२० चे नोबेल विजेते. त्यांची पत्नी मारी स्वतः डॉक्टर आणि मधुमेही. १९२२ च्या शरद ऋतूत दोघं अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेली असताना मारीच्या आग्रहाने क्रोग टोरोंटोला गेले आणि इन्सुलिन बनवायची परवानगी घेऊन परतले. कोपनहेगनमध्ये त्यांच्या जोडीला आले मारीचे डॉक्टर, हान्स क्रिश्चन हागेडॉर्न.

हागेडॉर्नना एक गोष्ट सतावत होती. इन्सुलिन स्वच्छ आणि भरवशाचं झालं होतं, पण त्याचा परिणाम काही तासांतच संपायचा. रोज्याला दिवसातून तीन-चार इंजेक्शनं, तीही तेव्हाच्या जाड, पुन्हा पुन्हा उकळून आणि धार लावून वापरायच्या सुयांनी. लहान मुलांना मध्यरात्री उठवून टोचावं लागे. आजच्या बारीक सुईला कुरकुरणाऱ्या माझ्या पेशंटना मी हे मुद्दाम सांगतो.

त्यांनी विचार उलटा केला. इन्सुलिन शरीरात झटकन विरघळतं, कारण शरीराचा पीएच ७.४ आणि इन्सुलिनचा शून्याचा आकडा ५.४. तो आकडाच ७.४ च्या जवळ सरकवला तर? मग टोचलेलं इन्सुलिन त्वचेखाली साका धरून बसेल आणि हळूहळू विरघळत दिवसभर पुरेल. आकडा वर सरकवायचा तर अल्कधर्मी बाजू जड करायला हवी. इन्सुलिनचे मणी बदलण्याची विद्या तेव्हा नव्हती, म्हणून त्यांनी इन्सुलिनला अल्कधर्मी जोडीदार शोधला. तो सापडला ट्राउट माशाच्या नराच्या वीर्यात. त्यातल्या प्रोटामीन नावाच्या प्रथिनात निम्म्याहून जास्त मणी आर्जिनिनचे असतात, म्हणजे धनभाराची खाणच. ऋणभारित इन्सुलिन त्याला घट्ट धरून बसतं. या जोडीचा शून्याचा आकडा ७.३ च्या आसपास आला. १९३६ मध्ये हागेडॉर्न आणि सहकाऱ्यांनी हे काम प्रसिद्ध केलं.

त्याच वर्षी टोरोंटोच्या स्कॉट आणि फिशर यांनी त्यात थोडं झिंक घातलं. मिश्रण अधिक टिकाऊ झालं आणि परिणाम दिवसाच्याही पुढे लांबला. मग नवीच पंचाईत! त्या मिश्रणात प्रोटामीन गरजेपेक्षा जास्त असे. जेवणापुरतं साधं इन्सुलिन त्यात मिसळायला जावं, तर शिल्लक प्रोटामीन त्यालाही धरून ठेवायचं आणि जलद औषधही मंद व्हायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, काकूंच्या सिरिंजसाठी लागणार आहे. १९४६ मध्ये हागेडॉर्न यांच्याच प्रयोगशाळेत क्रायेनब्यूल आणि रोझेनबर्ग यांनी इन्सुलिन आणि प्रोटामीन यांचं असं प्रमाण शोधलं की दोघांपैकी कोणीच शिल्लक राहत नाही. तेच एनपीएच, तटस्थ पीएचचं हागेडॉर्न इन्सुलिन. तुमच्या बाटलीवर आयसोफेन हा शब्द असेल तर तो याच प्रमाणाबद्दलचा आहे. काकांच्या मिश्र इन्सुलिनमध्ये ७० टक्के हे असतं आणि ३० टक्के साधं. साधं विरघळलेलं, एनपीएचचे बारीक स्फटिक तरंगत असलेले, म्हणून दूध.

बाटली किंवा पेन तळहातांत हलकेच दहा-वीस वेळा घोळवून घ्या असं आम्ही का सांगतो, ते आता कळेल. स्फटिक तळाशी बसलेले असतात. न घोळवता ओढलं तर एक दिवस नुसतं जलद इन्सुलिन येईल आणि महिनाअखेरीस नुसतं घट्ट. जोरात खडखडवू मात्र नका, त्याने फेस होतो आणि प्रथिनाची घडीही विस्कटते. हेच फ्रीजरबद्दल. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं की दिसायला ठीक दिसतं, पण ते वापरायचं नाही. काकांनी विचारलंच, "आमच्याकडे लाइट जातात, माठाच्या शेजारी ओल्या फडक्यात ठेवलं तर?" चालेल. उन्हातल्या गाडीच्या डिकीपेक्षा हजारपट चांगलं.

राहिली काकूंची बाटली. अनेक वर्षं दीर्घ मुदतीचं इन्सुलिन म्हणजे दुधाळ इन्सुलिन, हेच समीकरण होतं. मग जनुकतंत्र आलं. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं आणि माळेतला मणी बदलणं शक्य झालं. हागेडॉर्नना जे बाहेरचा जोडीदार आणून करावं लागलं, ते आता रेणूच्या आतच करता येणार होतं. जर्मनीतल्या हेक्स्ट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तीस मण्यांच्या माळेच्या शेपटाला आर्जिनिनचे दोन मणी जोडले. अल्कधर्मी बाजू दोनाने जड झाली. शून्याचा आकडा ५.४ वरून ६.७ वर गेला. हे इन्सुलिन पीएच ४ ला पाण्यासारखं स्वच्छ राहतं. त्वचेखाली ७.४ च्या सान्निध्यात आलं की तिथेच सूक्ष्म साका धरतं, आणि जवळजवळ चोवीस तास झिरपत राहतं.

पण आणखी एक मणी बदलावा लागला, आणि मला तो भाग सगळ्यात आवडतो. छोट्या माळेच्या अगदी शेवटी, २१ व्या जागी ॲस्पराजिन असतं. (हे नाव ॲस्परॅगसवरून पडलं, म्हणजे आपल्या शतावरीच्या भावंडावरून. त्याच्या रसातून ते १८०६ मध्ये वेगळं काढलं गेलं.) ॲस्पराजिन स्वतः तटस्थ असतं, पण आंबट द्रावणात राहिलं की हळूहळू त्याचा एक तुकडा गळून पडतो आणि ते ॲस्पार्टिक आम्ल होऊन बसतं. आम्लधर्मी बाजूला एक मणी आपोआप वाढला, हिशेब बिघडला, आणि ते रेणू एकमेकांना सांधलेही जाऊ लागतात. जुन्या आम्लातल्या बाटल्यांचा एक रोग हाच होता. १९६० च्या दशकात साधं इन्सुलिन तटस्थ पीएचला ठेवायला सुरुवात झाली तेव्हा तो बराच टळला. नवं इन्सुलिन पुन्हा आम्लात ठेवायचं म्हणजे तो रोग परत. म्हणून तिथे ग्लायसिन बसवलं. ग्लायसिन म्हणजे सगळ्यांत लहान, सगळ्यांत साधा मणी, ज्याच्यात बिघडण्यासारखं काही नाही. असं हे ग्लार्जिन. २००० मध्ये त्याला अमेरिका आणि युरोपात मान्यता मिळाली. टोचताना किंचित चुरचुरतं अशी काही जणांची तक्रार असते, ती त्या पीएच ४ ची.

उलटी युक्तीही झाली. मोठ्या माळेतल्या २८ व्या जागी प्रोलिन काढून ॲस्पार्टिक आम्ल बसवलं, तर तो जादा ऋणभार शेजारच्या रेणूला जवळ येऊ देत नाही. रेणू सुटे सुटे राहतात आणि लवकर रक्तात जातात. जेवायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घ्यायचं ॲस्पार्ट इन्सुलिन ते हेच. एकाच माळेत इकडे अल्कधर्मी मणी वाढवला की औषध मंद, तिकडे आम्लधर्मी मणी बसवला की औषध चपळ.

आता काकूंची सिरिंज. ग्लार्जिन पीएच ४ ला, जेवणाआधीचं साधं इन्सुलिन साधारण ७ च्या पुढे. दोन्ही एकत्र आली की दोघांचाही पीएच मधल्या भागात येतो, आणि दोघांचेही शून्याचे आकडे तिथेच आहेत. जो साका चोवीस तास त्वचेखाली झिरपायला हवा होता तो सिरिंजमध्येच धरला गेला, आणि त्यात जलद इन्सुलिनही अडकलं.

ग्लार्जिन नवीन होतं तेव्हा एका पेशंटला हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. एनपीएच आणि साधं इन्सुलिन एका सिरिंजमध्ये घ्यायची त्यांना वीस वर्षांची सवय, आधी स्वच्छ आणि मग दुधाळ या क्रमाने, आणि ती सवय बरोबरच होती. नवं औषध त्यांनी त्याच हाताने सुरू केलं. जेवणानंतरची साखर चढीच राहायला लागली आणि मी तीन आठवडे डोस वाढवत बसलो. मग एकदा माझ्यासमोर टोचून दाखवा म्हटलं, तेव्हा सिरिंज पांढरी झालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. डोस पुन्हा खाली आणला, दोन सुया वेगळ्या केल्या आणि चारच दिवसांत आकडे जागेवर आले. तेव्हापासून ग्लार्जिन लिहून दिलं की चिठ्ठीवर मराठीत 'वेगळ्या सुईने' असं लिहितो आणि खाली रेघ ओढतो.

काकूंच्या चिठ्ठीवर ते होतंच. त्या म्हणाल्या, "वाचलं होतं हो, पण का ते कुठं लिहिलं होतं?"

जाताना काकांनी आपली दुधाळ बाटली तळहातांत घोळवून बघितली आणि काकूंच्या बाटलीकडे बघून विचारलं, "आणि हिची कधी पांढरी झाली तर?"

हिची पांढरी झाली तर टाकून द्या. तुमची घोळवूनही पांढरी झाली नाही, किंवा काचेला कण चिकटलेले दिसले, तर तीही.